मुदतीचा कायदा कधी मरतो, आणि मेल्यावर काय उरते?

या वेळच्या टपालात मुदतीच्या कायद्यांबद्दलची पत्रे जास्त आहेत. काही गोव्यातून, काही पुण्या-मुंबईतून, एक थेट लिस्बनहून. इंग्रजी आणि पोर्तुगीज या दोन्ही कायदापरंपरांचे कागद हाताळणाऱ्यांना एकाच जागी ठेच लागते असे दिसते, म्हणून उत्तरे एकत्र देत आहोत.

मडगावहून एक अनुवादक विचारतात : मी पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या कागदपत्रांचे इंग्रजी व मराठी भाषांतर करते. ‘लेइ तेंपोरारिया’, ‘लेइ एक्सेप्सिओनाल’, ‘दिस्पोझिसोइंश त्रांझितोरियाश’ आणि ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’ या चारही ठिकाणी मी ‘टेम्पररी लॉ’ असे लिहिले. वकिलांनी मसुदा परत पाठवला. यात चुकले काय?

उत्तर : चौघांचा मुक्काम थोड्या दिवसांचा, एवढेच त्यांच्यात समान आहे. पण प्रत्येक कायदा कशाने संपतो ते वेगळे आहे, आणि कोर्टाला नेमके तेच हवे असते.

‘लेइ तेंपोरारिया’ म्हणजे ज्याच्या मजकुरातच शेवटची तारीख किंवा शेवट आणणारी ठरलेली घटना लिहिलेली असते असा कायदा. याला ‘टेम्पररी ॲक्ट’ म्हणायला हरकत नाही. ब्राझीलने फुटबॉल विश्वचषकासाठी 2012 मध्ये केलेला 12,663 क्रमांकाचा कायदा पाहा. फीफाच्या अधिकृत चिन्हांची नक्कल करणे, प्रायोजक नसताना स्पर्धेशी आपला संबंध असल्याचे भासवून जाहिरात करणे, असे काही नवे गुन्हे त्यात घातले आणि 36 व्या कलमात सांगून टाकले की हे गुन्हे 31 डिसेंबर 2014 पर्यंतच लागू राहतील. इथे वादाला जागा नाही.

‘लेइ एक्सेप्सिओनाल’मध्ये तारखेच्या जागी परिस्थिती असते : युद्ध, साथ, पूर. ती ओसरली की कायदाही संपतो. ती नेमकी कोणत्या दिवशी ओसरली हे ठरवणे मात्र कटकटीचे असते. इंग्रजीतले ‘इमर्जन्सी लेजिस्लेशन’ याला जवळचे वाटते, पण ब्रिटिश आणीबाणीच्या कायद्यांना बहुधा तारीखही असते. दुसऱ्या महायुद्धातल्या 1939 च्या संरक्षणविषयक आणीबाणी कायद्याला मुदत होती एक वर्षाची. ती दरवर्षी वाढवत नेली आणि शेवटी 24 फेब्रुवारी 1946 रोजी तो कायदा संपला. म्हणून पोर्तुगीज शब्द पाहून थांबू नका, मजकुरात तारीख आहे का ते शोधा.

‘दिस्पोझिसोइंश त्रांझितोरियाश’ म्हणजे संक्रमणकालीन तरतुदी. जुना कायदा जातो, नवा येतो, आणि मधल्या काळात चालू असलेले करार, अर्ज, खटले कुठल्या नियमाने चालवायचे ते या तरतुदी सांगतात. त्यांना ठरावीक आयुष्य असेलच असे नाही. शेवटचे जुने प्रकरण निकाली निघेपर्यंत त्या जगतात. इथे ‘टेम्पररी’ लिहिले तर वाचणारा उगाच शेवटची तारीख शोधत बसतो, ‘ट्रान्झिशनल’ हाच शब्द हवा. ब्राझीलच्या 1988 च्या संविधानाला अशा तरतुदींचा एक स्वतंत्र भाग जोडलेला आहे आणि त्याचे कलम क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होतात. मूळ संविधानाचे कलम 40 आणि या भागाचे कलम 40 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाषांतरात नुसते ‘कलम 40’ लिहिले की गोंधळ झालाच म्हणून समजा.

राहिली ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’. ही ब्राझीलच्या संविधानाच्या 62 व्या कलमाखाली राष्ट्राध्यक्ष काढतात. काढल्या क्षणापासून तिला कायद्याचे बळ असते, पण ती काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निर्णयाची वाट पाहत असते. मुदत 60 दिवस. तेवढ्यात मतदान झाले नाही तर आणखी 60 दिवस, एकदाच. संसदेच्या सुट्टीचे दिवस मोजत नाहीत. 45 दिवस उलटूनही निर्णय झाला नसेल तर ज्या सभागृहात ती अडकली आहे तिथले कामकाज तुंबते. आपल्या वाचकाला सर्वांत जवळचा शब्द ‘अध्यादेश’. भाषांतरात मात्र ‘प्रोव्हिजनल मेझर’ लिहून क्रमांक व तारीख जशीच्या तशी ठेवावी.

आणि ‘देक्रेतु-लेइ’ला चुकूनही अध्यादेश म्हणू नका. पोर्तुगालमध्ये सरकारला संविधानाच्या 198 व्या कलमाने स्वतःचा कायदे करण्याचा अधिकार आहे. त्याखालचा ‘देक्रेतु-लेइ’ हा पक्का, बिनमुदतीचा कायदा असतो. तो संसदेच्या मंजुरीवाचून गळून पडत नाही. दहा खासदार प्रसिद्धीनंतर 30 दिवसांत तो संसदेसमोर आणू शकतात, एवढेच. ब्राझीलच्या तर फौजदारी संहितेचे मूळच 1940 चा एक ‘देक्रेतु-लेइ’ आहे, आणि तो आजही चालू आहे.

पुण्याहून कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी : मुदत संपणे आणि निरसन होणे, म्हणजे कायदेमंडळाने रद्द करणे, यांत व्यवहारात फरक काय? दोन्हीकडे कायदा गेलाच ना?

उत्तर : गेला खरा. पण जाताना मागे काय ठेवून गेला, तिथे फरक पडतो.

पोर्तुगीज परंपरेत हा भेद संहितेतच लिहिला आहे. पोर्तुगालच्या 1966 च्या नागरी संहितेचे 7 वे कलम म्हणते की कायदा मुदतीसाठी केलेला नसेल तर तो दुसऱ्या कायद्याने निरसन केल्यावरच संपतो. म्हणजे दोन वाटा झाल्या. आपोआप संपणे ते ‘कादुसिदाद’, कायदेमंडळाने संपवणे ते ‘रेव्होगासांव’. ब्राझीलमध्ये 1942 च्या 4,657 क्रमांकाच्या देक्रेतु-लेइच्या दुसऱ्या कलमात जवळजवळ हेच वाक्य आहे.

इंग्लंडमध्ये हा भेद न्यायालयांनी घडवला. कायदा निरसित झाला तर जुन्या कृत्यांवरची कारवाई, मिळालेले हक्क आणि झालेले दंड शाबूत राहतात, हे 1889 च्या इंटरप्रिटेशन ॲक्टने, म्हणजे कायदे कसे वाचावेत ते सांगणाऱ्या कायद्याने, सांगितले होते. पण त्या कलमात शब्द होता ‘रिपील’, मुदतसमाप्तीचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे मुदतीचा कायदा संपला की जुन्या गुन्ह्यांचे काय होणार, ते त्या त्या कायद्याच्या शब्दांवर अवलंबून राहायचे. तेव्हाचे तिथले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे 1947 मध्ये ‘विक्स’ खटला आला तो हाच प्रश्न घेऊन. आरोपीची कृत्ये युद्धकाळातली होती आणि शिक्षा झाली ती 1939 चा कायदा संपल्यावर. शिक्षा टिकली, कारण मुदत संपली तरी आधी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टींवर परिणाम होणार नाही असे त्या कायद्याच्या 11 व्या कलमात लिहून ठेवले होते. पुढे 1978 च्या इंटरप्रिटेशन ॲक्टने ही फट बुजवली. त्याच्या 16 व्या कलमाचे दुसरे पोटकलम म्हणते की मुदतीचा कायदा संपला तर तो निरसित झाला असे धरूनच हे कलम लागू करा.

आता परीक्षेच्या आणि व्यवहाराच्या कामाचा भाग. आपला 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट 1889 च्या इंग्रजी कायद्याच्या वळणाचा आहे. त्याच्या 6 व्या कलमातही निरसनच आहे, मुदतसमाप्ती नाही. इंग्लंडने 1978 मध्ये केलेली दुरुस्ती आपल्या 6 व्या कलमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच एस. कृष्णन प्रकरणात सांगितले की वेगळी तरतूद नसेल तर मुदतीच्या कायद्याखालची कारवाई त्या कायद्याबरोबरच आपोआप संपते. म्हणून भारतात मुदतीचा कायदा हातात आला की पहिल्या कलमापासून वाचायला बसू नये. आधी व्यावृत्तीचे, म्हणजे कायदा संपल्यावरही काय टिकेल ते सांगणारे, कलम आहे का ते पाहावे. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा याचे सर्वांत ठळक उदाहरण. 1987 चा हा कायदा सुरुवातीला दोन वर्षांसाठी होता. त्याची मुदत वाढत गेली आणि मे 1995 मध्ये तो संपू दिला. तरीही मुंबईतल्या मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांचा खटला टाडा न्यायालयातच पुढे चालला आणि निकाल 2006–07 मध्ये लागले. याचे कारण कलम 1 मधले चौथे पोटकलम : कायदा संपला तरी आधीची कृत्ये, तपास, खटले आणि शिक्षा यांना धक्का लागणार नाही. तेवढ्या ओळी नसत्या तर सगळा खटलाच लटकला असता.

निरसनाच्या बाजूनेही एक सावधगिरी. मुदतीचा कायदा मुदतीआधीच निरसित केला तर 6 वे कलम लागू होते. पोटा हा 2002 चा दहशतवादविरोधी कायदा तीन वर्षांचा होता, पण 2004 मध्येच निरसित झाला. त्याच्या जुन्या प्रकरणांसाठी निरसनाचा कायदा वाचावा लागतो. एकाच जातीचे दोन कायदे, शेवट दोन तऱ्हांचे, आणि म्हणून वाचायचे कागदही वेगळे.

सावंतवाडीहून एक वाचक : फौजदारी कायद्यात आरोपीला सोयीचा नवा कायदा मागच्या गुन्ह्यालाही लागतो असे वाचले. मग मुदतीचा दंडनीय कायदा संपल्यावर आरोपी सुटायला नको का?

उत्तर : साधारण नियम तसाच आहे, पण मुदतीचा कायदा त्याला अपवाद. ब्राझीलच्या फौजदारी संहितेचे 3 रे कलम मुदतीच्या आणि अपवादात्मक अशा दोन्ही कायद्यांचे नाव घेऊन सांगते की कालावधी संपला किंवा परिस्थिती निवळली तरी त्या काळात केलेल्या कृत्याला तोच कायदा लागेल. पोर्तुगालच्या संहितेत 2 ऱ्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात हेच आहे, फक्त थोडक्यात. कारण उघड आहे. असे नसते तर विश्वचषकाच्या कायद्याखाली ऑक्टोबर 2014 मध्ये पकडलेल्या माणसाच्या वकिलाला दोन-तीन तारखा मागण्यापलीकडे काही करावे लागले नसते.

यामागचा तर्क असा की नेहमीचा दंडनीय कायदा रद्द होतो तेव्हा समाजाचे मत बदललेले असते, ते कृत्य आता गुन्हा वाटत नसते. मुदत संपते तेव्हा मत बदललेले नसते, फक्त वेळ संपलेली असते. तरीही ब्राझीलमध्ये काही अभ्यासक हे 3 रे कलम संविधानाच्या 5 व्या कलमाशी विसंगत मानतात, कारण तिथे आरोपीच्या फायद्याचा कायदा मागे जाऊन लागू होईल असे लिहिताना मुदतीच्या कायद्याचा अपवाद केलेला नाही. आम्हाला तो आक्षेप फारसा पटत नाही, पण वादाच्या मसुद्यात तो येऊ शकतो हे ध्यानात ठेवा.

लिस्बनहून एक वाचक : कोविडच्या काळातले नियम अजून लागू आहेत की नाहीत, हे कुठल्याही पोर्तुगीज किंवा इंग्रजी कायद्याबाबत स्वतः कसे तपासावे? आणि ‘दोन वर्षे’ म्हणजे शेवटचा दिवस कोणता?

उत्तर : पोर्तुगालपुरते सांगायचे तर ‘दियारियु दा रेपुब्लिका’ या राजपत्राच्या संकेतस्थळावर कायद्याचे पान उघडा, तो चालू आहे की नाही याची नोंद तिथे असते. पण तिच्यावरच विसंबू नका. कायद्याची शेवटची दोन-तीन कलमे वाचा, सगळी किल्ली तिथे असते. ‘एंत्रादा एम व्हिगोर’ म्हणजे कायदा अंमलात येण्याचा दिवस. ‘प्रोदुसांव द एफेतुश’ म्हणजे त्याचे परिणाम कधीपासून धरायचे तो दिवस, जो आधीचाही असू शकतो. आणि ‘व्हिजेन्सिया’ म्हणजे तो किती काळ चालणार. या तीन तारखा तीन वेगवेगळ्या असू शकतात. अंमलाचा दिवस दिलाच नसेल तर पोर्तुगालमध्ये प्रसिद्धीनंतरचा पाचवा दिवस धरतात, ब्राझीलमध्ये 45 दिवसांनी कायदा लागू होतो.

कोविडच्या पोर्तुगीज कायद्यांचे झाले असे की बरेचसे घाईत केलेले होते आणि शेवटची तारीख सगळ्यांत नव्हती. परिस्थिती निवळल्यावर ते आपोआप संपले की नाहीत हा प्रश्न लोंबकळत राहिला. शेवटी सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये एका देक्रेतु-लेइने आपल्या बाजूचे, आणि संसदेने जुलै 2023 मध्ये 31 क्रमांकाच्या कायद्याने आपल्या बाजूचे कोविड कायदे संपल्याचे नावानिशी जाहीर केले. तुमचा नियम 2020–21 मधला असेल तर आधी या दोन याद्यांत शोधा.

खुद्द आणीबाणीला मात्र पोर्तुगालमध्ये संविधानानेच लगाम घातला आहे. 19 व्या कलमानुसार ती एका वेळी जास्तीत जास्त 15 दिवसांची, पुढे हवी तर नवी घोषणा. पहिली घोषणा 19 मार्च 2020 च्या 0 वाजता सुरू होऊन 2 एप्रिलच्या 23 वाजून 59 मिनिटांनी संपली. तासमिनिटे लिहिली की भांडण राहत नाही, आणि इतर देशांच्या मसुदाकारांनी हे उचलायला हवे.

दिवस मोजण्यात सर्वांत जास्त चुका इंग्रजी कागदांत होतात. ब्रिटनचा कोरोनाव्हायरस ॲक्ट 25 मार्च 2020 रोजी मंजूर झाला. त्याचे 89 वे कलम म्हणते की हा कायदा मंजुरीच्या दिवसाने सुरू होणाऱ्या दोन वर्षांच्या अखेरीस संपेल. ‘बिगिनिंग विथ’ असे शब्द असले की तो दिवस मोजायचा, म्हणून कायदा 24 मार्च 2022 चा दिवस सरताना संपला. तिथे ‘फ्रॉम’ किंवा ‘आफ्टर’ असते तर पहिला दिवस सोडून मोजले असते आणि शेवट 25 मार्चला आला असता. मराठीत दोन्हींचे ‘पासून’ केले की एक दिवस हरवतो. अशा ठिकाणी भाषांतरात ‘तो दिवस धरून’ किंवा ‘तो दिवस सोडून’ असे सरळ लिहावे. त्याच कायद्यात दोन गोष्टी आणखी पाहायच्या : 89 व्या कलमातच काही तरतुदींना या मुदतीतून वगळले आहे, आणि 90 व्या कलमाने मंत्र्यांना तारीख पुढे-मागे करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे मूळ कायदा वाचून उत्तर पूर्ण होत नाही, त्याखालचे आदेशही चाळावे लागतात.

ठाण्याहून एक निवृत्त सरकारी अधिकारी : मुदतवाढ वेळेत निघाली नाही तर काय होते? एक-दोन दिवसांची फट चालते का?

उत्तर : चालत नाही, असे धरून कामाला लागावे. मुदत वाढवण्याचा अधिकार अधिसूचनेने वापरायचा असेल तर ती कायदा जिवंत असतानाच निघाली पाहिजे. शेवटच्या मध्यरात्रीनंतर वाढवायला काही उरलेलेच नसते. तेव्हा नवा कायदा करावा लागतो, आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला तरी मधल्या दिवसांतल्या कृत्यांना शिक्षा करता येत नाही.

ब्रिटनने ही अडचण दोनशे वर्षांपूर्वी ओळखली होती. मुदतवाढीचे विधेयक संसदेत असतानाच मूळ कायद्याची मुदत टळायची. म्हणून 1808 मध्ये एक छोटा कायदा केला : विधेयक सभागृहात असताना मुदत संपली आणि विधेयक नंतर मंजूर झाले, तर मुदतवाढ जुन्या शेवटाच्या दिवसापासून धरायची. फटीतल्या काळात कुणी तो कायदा मोडला असेल तर त्याला शिक्षा मात्र नाही. हा उपाय संसदेच्या विधेयकापुरता आहे, खात्याच्या उशिरा निघालेल्या आदेशाला तो वाचवत नाही.

गिरगावातून एक भाडेकरू : तात्पुरते म्हणून केलेले कायदे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. हे आपल्याकडेच होते की बाहेरही?

उत्तर : बाहेर तर आपल्याहून जुनी खोड आहे. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर अजूनही कायद्याने वार्षिक कर आहे. दरवर्षी 5 एप्रिलला तो संपतो आणि संसदेने तो पुन्हा लावावा लागतो. 1799 मध्ये नेपोलियनच्या युद्धांसाठी आला, उठला, मग 1842 मध्ये तीन वर्षांसाठी म्हणून परत आला आणि तेव्हापासून मुक्कामाला आहे. अर्थसंकल्प मांडला आणि कायदा अजून व्हायचा आहे, अशा मधल्या काळात कर कापायचा कशाच्या जोरावर, असा प्रश्न गिब्सन बोल्स या गृहस्थांनी बँक ऑफ इंग्लंडवर दावा लावून विचारला आणि ते जिंकले. सभागृहाचा नुसता ठराव पुरेसा नाही असे ठरल्यामुळे 1913 मध्ये तात्पुरत्या करवसुलीचा कायदा करावा लागला.

लष्कराची गोष्ट याहून सूचक. 1689 च्या म्युटिनी ॲक्टपासून ब्रिटिश सैन्याची शिस्त मुदतीच्या कायद्यावर उभी आहे. आधी ही मुदत वर्षाची होती. आता संसद दर पाच वर्षांनी नवा आर्म्ड फोर्सेस ॲक्ट करते. इथे मुदत मुद्दाम ठेवली आहे, कारण शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगायचे तर राजाने संसदेपुढे परत परत यावे अशीच ती योजना. अशी मुदत आम्हाला निरोगी वाटते. उलट, बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांनंतर नोव्हेंबर 1974 मध्ये काही दिवसांत झालेला दहशतवादविरोधी कायदा पाहा. नावातच ‘तात्पुरत्या तरतुदी’, आणि नवनवी रूपे घेत तो 2000 च्या टेररिझम ॲक्टपर्यंत चालला. दर मुदतीला चर्चा व्हायची, कायदा काही जायचा नाही.

ब्राझीलने तर ‘तात्पुरता’ या विशेषणाची पार दशा करून टाकली. बँकेतून पैसे काढण्या-हलवण्यावरचा ‘सेपीएमएफ’ हा कर, ज्याच्या नावातच ‘प्रोव्हिझोरिया’ होते, 1997 मध्ये सुरू झाला आणि 0.20 टक्क्यांवरून 0.38 टक्क्यांपर्यंत चढला. डिसेंबर 2007 मध्ये सिनेटने मुदतवाढ फेटाळली तेव्हा कुठे तो गेला. मनौस शहराच्या मुक्त व्यापार क्षेत्राला संविधानाने 25 वर्षांची करसवलत दिली होती, आता ती सवलत 2073 पर्यंत आहे. आणि 2001 पूर्वी ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’ 30 दिवसांची असली तरी दर महिन्याला पुन्हा काढायची वहिवाट होती. क्रमांकापुढे आडवी रेघ मारून पुन्हा काढल्याचा आकडा लिहायचे. सप्टेंबर 2001 च्या 32 व्या घटनादुरुस्तीने हा खेळ थांबवला, पण तोवर काढलेल्या सगळ्या जुन्या मेदिदा काँग्रेस अंतिम निर्णय घेईपर्यंत चालू ठेवल्या. परिणाम असा की इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या ब्राझिलियन व्यवस्थेचा पाया असलेली 2,200-2 क्रमांकाची ‘तात्पुरती’ मेदिदा, ऑगस्ट 2001 ची, अजूनही लागू आहे. असा रेघवाला क्रमांक दिसला तर ती कालबाह्य समजून बाजूला टाकू नका.

आपल्याकडे यापेक्षा निराळे काही घडले नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी बिहारचे राजपत्र चाळून दाखवले की 1967 ते 1981 या काळात तिथे 256 अध्यादेश निघाले आणि ते 1 ते 14 वर्षे जिवंत ठेवले गेले. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 मध्ये हा प्रकार म्हणजे संविधानाशी कपट असल्याचे सांगितले. 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने पुढचे पाऊल टाकले : विधानमंडळापुढे न आलेला अध्यादेश संपला की त्याखालचे हक्क आपोआप टिकत नाहीत. झालेले उलटवणे अशक्य आहे किंवा लोकहिताला घातक आहे असे दिसले तरच ते टिकतात. ब्राझीलमध्ये कल याच्या उलटा आहे. तिथे मेदिदा पडली तर काँग्रेसने 60 दिवसांत मधल्या काळातल्या व्यवहारांचा निवाडा करायचा, आणि तो केला नाही तर ते व्यवहार त्या पडलेल्या मेदिदेच्याच नियमाने टिकतात.

तुमच्या घरचीच गोष्ट सांगायची तर 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा मुदतीचाच होता. प्रमाणभूत भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवलेले, आणि मुदत दर खेपेला पुढे. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भाडेनियम आता अवाजवी झाल्याचे म्हटले. ते रद्द मात्र केले नाहीत, कारण कायदाच 31 मार्च 1998 ला संपणार होता. त्यानंतरही मुदतवाढ झालीच. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला तेव्हा ही साखळी तुटली.

मुंबईहून एक भाषांतर संस्था : पोर्तुगीज आणि इंग्रजीत सारखे दिसणारे कोणते शब्द या विषयात दगा देतात?

उत्तर : ‘प्रोरोगासांव’ सर्वांत धोक्याचा. पोर्तुगीजमध्ये तो मुदतवाढ. इंग्रजीतले ‘प्रोरोगेशन’ म्हणजे संसदेचे सत्र संपवणे, जवळजवळ उलट अर्थ. ‘देरोगासांव’ हे पोर्तुगीज कायद्यात बहुधा अंशतः निरसन. इंग्रजी ‘डेरोगेशन’ मानवी हक्कांच्या करारांत काही काळापुरती सूट घेणे, आणि त्या करारांच्या पोर्तुगीज पाठांतही तो त्या अर्थाने येतो. म्हणून दस्त कुठल्या जातीचा आहे ते पाहून ठरवा. ‘कादुसिदाद’ कायद्याबद्दल असेल तर मुदतसमाप्ती, पण नागरी संहितेत तोच शब्द ठरल्या वेळेत न वापरलेल्या हक्काच्या अंतासाठीही येतो. ‘रेप्रिस्तिनासांव’ म्हणजे मेलेल्या कायद्याचे पुनरुज्जीवन. नियम असा की निरसन करणारा कायदा गेला म्हणून जुना परत येत नाही. पण मुदतीच्या कायद्याने जुन्याला फक्त स्थगित केले असेल तर तो मुळात मेलाच नव्हता, स्थगिती उठली की चालू लागतो. ब्राझीलच्या मेदिदा जुन्या कायद्याला निरसित न करता थांबवतात असेच तिथे मानले जाते.

फोंड्याहून एक वाचक : गोव्यात अजून लागू असलेले पोर्तुगीज कायदे तात्पुरते समजायचे का? आणि पोर्तुगालच्या नागरी संहितेचे 7 वे कलम आम्हाला लागू आहे का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. गोवा, दमण व दीव प्रशासन कायदा, 1962 च्या 5 व्या कलमाने मुक्तीपूर्वीचे कायदे सक्षम विधानमंडळ बदलेपर्यंत किंवा निरसित करेपर्यंत चालू ठेवले. त्यात तारीख नाही. ‘बदलेपर्यंत’ असे लिहिले म्हणून कायदा मुदतीचा होत नाही, तसे तर सगळेच कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितले की गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज नागरी संहिता आता भारतीय संसदेच्या अधिकाराने चालणारा भारतीय कायदा आहे.

पण कोणती संहिता, हे नीट पाहा. गोव्यातली संहिता 1867 ची, इथे 1 जुलै 1870 पासून लागू झालेली. पोर्तुगालने 1966 मध्ये नवी संहिता केली तेव्हा गोवा त्यांच्याकडे नव्हता. इंटरनेटवर पोर्तुगीज नागरी संहिता शोधली की समोर येते ती 1966 ची, आणि तिचे कलम क्रमांक गोव्यातल्या दस्तांशी जुळत नाहीत. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीच्या (वारशाची मोजदाद व वाटणी करण्याच्या) कामांसाठी तर आता गोवा विधानसभेचा 2012 चा स्वतंत्र कायदा आहे, आधी तो काढून ठेवा.